फेरफार आणि मोल : जुन्या विद्युत्-गिटारच्या निमित्ताने

जुन्या वस्तूत पुढे कोणी फेरफार केले असता तिचे मोल उतरते, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिची तपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. मोल म्हणजे कशाचे मोल, आणि फेरफार म्हणजे कोणत्या जातीचा बदल, हे दोन प्रश्न त्या समजुतीखाली तसेच झाकलेले राहतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऊहापोह विद्युत्-गिटार या वाद्याच्या आधारे करावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात शिरावे याचे काहींस नवल वाटेल. परंतु जुन्या गिटारींच्या बाजारात जी चिकित्सा चालते ती जवळून पाहिली म्हणजे हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचीच ती एक शाखा असावी असा भास होतो. आणि त्या चिकित्सेत जे दोष शिरले आहेत तेही आपल्या ओळखीचे आहेत.

निमित्त घरगुती आहे. प्रस्तुत लेखकाच्या मावशींकडे, नागपुरातील महाल भागातील जुन्या घरी, मिरजेच्या बनावटीचा एक तंबोरा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या भोपळ्यास तडा गेला. नागपूरच्या वैशाखात सागवानी दारेसुद्धा आक्रसतात, तेथे वाळल्या भोपळ्याची काय कथा! तंबोरा मिरजेस पाठवून भोपळा, घोडी आणि पॉलिश ही सारी नवी करून घ्यावी, असा मावशींचा विचार होता. पुण्यास राहणारा आमचा एक भाचा स्वतः विद्युत्-गिटार वाजवितो. त्याने हे ऐकताच विरोध केला. “मामा, यातलं काही बदलू देऊ नका. ओरिजिनल पार्ट गेले की व्हॅल्यू गेली,” असे त्याचे म्हणणे. मावशींनी त्यास एवढेच विचारले, “वाजत नाही तो तंबोरा कसला रे? ते नुसतं लाकूड.” दोघांचीही बाजू एकदम खरी वाटावी, आणि दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत हेही दिसावे, असा हा प्रसंग. भाच्याचे तत्त्व ज्या बाजारातून आले तो बाजार आधी पाहू. तंबोऱ्याकडे नंतर वळू.

विद्युत्-गिटार हे फार जुने वाद्य नव्हे. गिब्सन कंपनीची ई. एस. १५० ही गिटार १९३६ साली निघाली. पोकळ पेटीऐवजी भरीव लाकडाचे अंग असलेल्या गिटारी मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या त्या १९५० पासून, कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या कारखान्यात. गिब्सनची ‘लेस पॉल’ १९५२ ची, फेंडरची ‘स्ट्रॅटोकास्टर’ १९५४ ची. तारांच्या खाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी बसविलेली असते. तिला वादक ‘पिकअप’ म्हणतात. वरची पोलादी तार कंप पावली की गुंडाळीत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि तो ध्वनिवर्धकाकडे जातो. फेंडरच्या त्या काळच्या गिटारीची मान अंगास चार स्क्रूंनी जोडलेली असे. गिब्सनची मान सरसाने चिकटविलेली. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पहिलीत मान बदलणे हे घटकाभराचे काम, तर दुसरीत ती शस्त्रक्रियाच होय.

हे वाद्य म्हणजे कारखान्याचा माल. ते विकत घेणाऱ्यांनी त्यात मनसोक्त बदल केले. विशेषतः १९७० ते १९९० या काळात जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे अंग कोरून त्यात जाड पिकअप बसविणे, फ्लॉइड रोझ पद्धतीची कंपयुक्त घोडी बसविण्यासाठी लाकूड पोखरणे, उडालेला रंग खरवडून नवा फासणे, खुंट्या बदलून डोक्यावर नवी छिद्रे पाडणे हे सर्रास चाले. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत त्या गिटारी ‘जुन्या’ नव्हत्या, केवळ ‘वापरलेल्या’ होत्या. वापरलेली वस्तू जुनी केव्हा होते, हा शब्दार्थशास्त्राचा एक मनोरंजक प्रश्न आहे; येथे इतकेच सांगता येईल की ती आपोआप होत नाही, तिला कोणीतरी तसे म्हणावे लागते.

आज त्या बाजारात गिटारीची परीक्षा कशी होते ते पाहावे. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या नभोवाणी कंपनीने फेंडरचा कारखाना १ कोटी ३० लक्ष डॉलरांस घेतला. तेव्हापासून ‘सीबीएसपूर्व’ ही एक कालखंडवाचक संज्ञा रूढ झाली आहे, आणि ती उच्चारताना जाणकारांचा स्वर आपल्याकडील ‘एकनाथपूर्व प्रत’ म्हणणाऱ्या संशोधकाच्या स्वराहून निराळा नसतो. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालील भागावर उत्पादकाचा क्रमांक आणि वर्ष-आठवडा दर्शविणारे अंक छापलेले असतात; ती या वाद्याची पुष्पिका. आतील तारांचे डाख कारखान्यातून निघाले तसेच आहेत की कोणी पुन्हा तापविले, हे भिंगाने पाहतात. फेंडरच्या पहिल्या भरीव गिटारींपैकी एकीचे नाव ‘ब्रॉडकास्टर’ होते. ग्रेच कंपनीच्या ढोलांचे नाव जवळपास तेच असल्याने ते सोडावे लागले. १९५१ साली ‘टेलीकास्टर’ हे नवे नाव ठरेपर्यंत कारखान्यातील लोकांनी शिल्लक चिठ्ठ्यांवरील ते नाव कात्रीने कापून फक्त ‘फेंडर’ एवढाच भाग चिकटविला. या निनावी गिटारींस पुढे संग्राहकांनी ‘नोकास्टर’ म्हटले, आणि आज त्या फार महाग आहेत. नाव कापल्याने एक नवे नाव मिळाले, ही गोष्ट व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने वहीत टिपून ठेवावी अशी.

दुसरे उदाहरण याहून बोलके. गिब्सनचे सेथ लव्हर यांनी घरघर टाळणारा दुहेरी गुंडाळीचा पिकअप योजिला. त्याखाली ‘एकस्वासाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी लावीत. त्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्या पिकअपचेच नाव ‘पी. ए. एफ.’ पडले. एकस्व १९५९ साली मिळाले तरी ती चिठ्ठी पुढेही काही वर्षे लागत राहिली. आणि नंतर जी क्रमांकाची चिठ्ठी आली तिच्यावरील क्रमांक त्या पिकअपचा नसून लेस पॉल यांच्या तारा अडकविण्याच्या पट्टीच्या एकस्वाचा आहे. म्हणजे लेखकाचा प्रमाद हीच कालनिर्णयाची खूण ठरली. पाठचिकित्सेत आपण हेच करीत नाही काय? दोन प्रतींत एकच चूक आढळली तर त्यांचे कुळ एक, असे आपण मानतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गिटारीचा मूळ रंग काढून नवा दिला तर तिची किंमत सुमारे निम्मी होते, असा या व्यापारात ठोकताळा आहे. अंग कोरले असेल तर ती आणखी खाली जाते. याचे कारण ध्वनी बिघडतो हे आहे काय? विक्रेते तसे सुचवितात; नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप लाकडास ‘श्वास घेऊ देतो’ इत्यादी भाषा वापरतात. परंतु ज्या वाद्याचा नाद मुख्यतः चुंबकाने टिपलेल्या तारेच्या कंपनाचा, त्याचा रंग बदलल्याने निम्मे मोल जावे इतका ध्वनिभेद घडतो, हे म्हणणे ग्राह्य मानता येत नाही. खरे कारण असे दिसते की जुन्या गिटारीस मोल येते ते साक्षीदार म्हणून. १९५९ साली त्या कारखान्यात काय घडले याची ती साक्ष आहे. रंग खरवडला की साक्षीचा एक भाग पुसला जातो. आणि खरवडल्यानंतर उरलेल्या साक्षीवरही विश्वास बसेनासा होतो. रंग बदलला, तर मान तरी मूळची कशावरून?

या दोन हानी एकमेकींपासून वेगळ्या काढल्या पाहिजेत. बाजार त्या एकत्र करतो आणि म्हणून त्याचे तर्कशास्त्र ढिले पडते. एक हानी नाशाची : जे लाकूड कोरून गेले ते परत येत नाही. दुसरी संशयाची : काय गेले आणि केव्हा गेले हे ठाऊक नाही. पहिलीस उपाय नाही. दुसरीस आहे, आणि तो आपल्या भाषेतच सांगून ठेवलेला आहे. ‘फेरफार’ हा शब्द आपण साहित्यचर्चेत काहीशा निषेधाने वापरतो; परंतु महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात तो अगदी स्वच्छ, किंबहुना प्रतिष्ठित शब्द आहे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफारांची नोंदवही. जमीन वारसाने, विक्रीने वा वाटणीने एकाकडून दुसऱ्याकडे गेली की तेथे क्रमांक घालून नोंद होते, ती प्रमाणित होते, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक येतो. फेरफार झाले म्हणून शेताची किंमत कोणी उतरवीत नाही. फेरफाराची साखळी तुटलेली असली तरच घेणारा मागे सरतो.

गिटारीच्या बाबतीत ही साखळी जुळलेली असल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर होय. १९६९ ची ही गिटार त्यांनी १९७० साली न्यूयॉर्कला घेतली. पुढील दशकांत तिची मान अनेकवार बदलली, पिकअप बदलले, एक छोटी कळ वाढविली, जोडणीसाठी अंगात एक छिद्र पाडून पुढे ते बुजविले, १९८३ साली निराळी कंपयुक्त घोडी बसविण्यासाठी अंग पोखरले आणि मग तो खड्डाही भरून काढला. बाजाराच्या नियमाप्रमाणे ही गिटार जवळजवळ निकामी. परंतु २० जून २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लक्ष ७५ हजार डॉलरांस गेली. गिल्मर यांचे वाद्यव्यवस्थापक फिल टेलर यांनी या एका गिटारीतील बदलांचा वृत्तान्त देणारे संबंध पुस्तक लिहिले आहे. तिची फेरफार-नोंदवहीच ती.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ही किंमत नोंदींची नसून नावाची आहे. नागपुरातील एखाद्या अप्रसिद्ध वादकाने आपल्या १९६२ च्या गिटारीतील प्रत्येक छिद्राची तारीखवार नोंद ठेवली, तरी तिची किंमत वाढणार नाही. आक्षेप खरा आहे. नोंद ठेवल्याने संशयाची हानी टळते, नाशाची टळत नाही, आणि कीर्तीची भर तर मुळीच पडत नाही. परंतु कीर्ती येथे नेमके काय करते, हे पाहण्यासारखे आहे. ती नाशाची हानी उलटविते. ज्या छिद्राने १९५४ च्या कारखान्याची साक्ष पुसली, तेच छिद्र आता वादकाच्या हाताची साक्ष देऊ लागते. साक्ष बदलली, साक्षीचे मोल हे तत्त्व बदलले नाही. पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलमधील एका पिकअपचे चुंबक उलटे बसलेले होते आणि त्यामुळे दोन्ही पिकअप एकदम वाजविले असता आवाज विचित्र, पोकळसा येई. दुरुस्ती करणाऱ्याने ते सरळ केले असते तर वाद्य ‘निर्दोष’ झाले असते, आणि ज्या आवाजासाठी ती पुढे गॅरी मूर व त्यानंतर कर्क हॅमेट यांच्याकडे गेली तो आवाजच नाहीसा झाला असता.

एरिक क्लॅप्टन यांच्या ‘ब्लॅकी’ या गिटारीने प्रश्न आणखी खोल नेला. १९७० साली नॅशव्हिल येथे त्यांनी सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. तीन मित्रांना दिल्या. उरलेल्या तिहींचे उत्तम भाग घेऊन एक गिटार जुळविली. २००४ साली ती ९ लक्ष ५९ हजार ५०० डॉलरांस विकली गेली. या गिटारीची ‘मूळ प्रत’ कोणती? अशी प्रत नाहीच. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती आरंभिली, तिचा पाठही अक्षरशः कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही; तरीही तो आपण प्रमाण मानतो. भेद इतकाच की सुखठणकरांनी प्रत्येक शब्द कोठून घेतला हे तळटीपांत सांगितले. क्लॅप्टन यांच्या गिटारीस तळटीपा नाहीत, पण एकच वादक तिच्यावर अनेक वर्षे वाजवीत राहिला, आणि त्या सातत्याने तळटीपांचे काम केले.

या उलट जो फेरफार खरोखर आक्षेपार्ह वाटतो तो असा. १९५२ ते १९५७ या काळातील सोनेरी रंगाच्या लेस पॉल गिटारी तुलनेने पुष्कळ. १९५८ ते १९६० मधील तांबूस-पिवळ्या छटेच्या लेस पॉल सुमारे दीड हजारच निघाल्या, आणि त्या या बाजाराचे कोहिनूर आहेत. तेव्हा काही लोकांनी सोनेरी गिटारींचा रंग काढून, अंग कोरून, नवे पिकअप बसवून त्यांस १९५९ चे रूप दिले. या रूपांतराचे समर्थन करणारेही आहेत. १९५२ च्या लेस पॉलची मान फार कमी कलती असल्याने तारा घोडीच्या खालून न्याव्या लागत आणि ती वाजविणे अवघड होई, हे खरे आहे. दुरुस्तीने ती वादकाच्या उपयोगाची झाली हेही खरे. तेवढ्यापुरता तो बदल संमार्जनाचा. पण तिला जाणूनबुजून दुसऱ्या सालाचा वेष देणे हा प्रक्षेप होय. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्धी केली ती प्रक्षिप्त भाग काढण्यासाठी, आणि पुढे कोणी भर घालू नये अशी सूचनाही दिली. तरीही राजवाड्यांना १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून निराळी ज्ञानेश्वरी छापावी लागली, कारण शुद्धी ही देखील एका हाताने केलेली असते आणि त्या हाताच्या पूर्वीचे काय होते हा प्रश्न शुद्धीने मिटत नाही, उलट उभा राहतो. रूपांतरित गिटार पुन्हा ‘मूळ’ सोनेरी करू पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तिसरा थर पहिला होत नाही. तो तिसराच राहतो, फक्त तो आता पहिल्यासारखा दिसतो, आणि म्हणून पुढील अभ्यासकास अधिक फसवितो. फेंडर कंपनीने १९९५ च्या सुमारास नव्या गिटारी मुद्दाम झिजवून, चरे पाडून विकण्यास आरंभ केला. साक्ष किती सहज रचता येते याचा तो कबुलीजबाबच आहे.

आता शब्दांकडे वळू; व्यवसायाने तेच आमचे काम. या बाजाराचा मूलमंत्र असलेला ‘व्हिंटेज’ हा शब्द द्राक्षांच्या तोडणीवरून आलेला, मद्याच्या सालाचा. मद्याची बाटली न उघडता ठेवली तर तिची किंमत, आणि उघडली की भोगून संपली. जे वाजविण्यासाठीच आहे आणि वाजविल्यावर संपत नाही अशा वस्तूस हा शब्द लावल्याबरोबर एक विपरीत कल्पना आत शिरली : न वापरलेले ते श्रेष्ठ. म्हणूनच त्या व्यापारात ‘वादकाच्या दर्जाची गिटार’ या शब्दप्रयोगाचा अर्थ कमी प्रतीची गिटार असा होतो. वाद्याच्या संदर्भात वादक हा शब्द हीनतादर्शक व्हावा, याहून अधिक बोलका अर्थापकर्ष शोधून सापडणार नाही.

आपल्याकडील शब्द पाहिले तर निराळे चित्र दिसते. ‘अस्सल’ हा अरबी ‘अस्ल’वरून आला, त्याचा अर्थ मूळ, मुळी. म्हणजे ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ यांची प्रतिमा एकच, झाडाचे मूळ. पेशवाईच्या दप्तरात अस्सल आणि नक्कल ही जोडी कागदांपुरती होती. कागद एक तर अस्सल, नाही तर नक्कल. पुढे मराठीत अस्सल या शब्दाने ही चौकट सोडली. अस्सल वऱ्हाडी माणूस, अस्सल तिखट, अस्सल गाणे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात बदल झालेलाच नाही असा दावा नसतो; बदलूनही ज्याचे मूळ जिवंत आहे असा अर्थ असतो. भाच्याच्या ‘ओरिजिनल’ला मराठीत अस्सल म्हणता येईल खरे, पण ते दप्तरातील अस्सल, मावशींचे अस्सल दुसरे.

एक गोष्ट येथेच नोंदवावी. फेरफार पुरेसा मोठा झाला आणि त्यास निराळे नाव मिळाले, तर तुलनाच संपते. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीवर तरफेच्या तारा चढवून, ती मांडीवर आडवी घेऊन तिला ‘मोहनवीणा’ म्हटले; राय कूडर यांच्यासह केलेल्या ध्वनिमुद्रणास १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ही बिघडविलेली गिटार आहे असे कोणी म्हणत नाही. अर्थात हा मार्ग सर्वांना मोकळा नाही. नाव ठेवण्यासाठी आधी तसे वाजवावे लागते.

तंबोऱ्याच्या बाबतीत भाच्याचे तत्त्व लावून पाहिले तर ते कोठे अडखळते ते दिसेल. मिरजेत हा उद्योग सुमारे १८५० पासून चालत आलेला आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्याच्या आरंभाशी जोडलेले असून, मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भोपळा येतो तो सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. लाकूड बहुधा तुणीचे. आणि या वाद्याचा प्राण जी जवारी, ती घोडीच्या माथ्यास कानशीने अतिसूक्ष्म उतार देऊन काढावी लागते. तार त्या उताराला घासून जाते, खाली सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी करतात, आणि मग षड्जातून वरचे स्वर झंकारू लागतात. वाजता वाजता तारा घोडीत चर पाडतात; जवारी बसते; पुन्हा काढावी लागते. दर वेळी घोडीचा काही अंश घासून जातो. काही वर्षांनी घोडीच संपते. तेव्हा ज्या शंभर वर्षांच्या तंबोऱ्याची घोडी मूळची आहे, तो तंबोरा बहुतेक वाजलेला नाही असे समजावे. गिटारीचे पडदे झिजले की बदलण्यानेही तिची किंमत थोडी उतरते, पण तेथे तो अपवाद म्हणून सोसला जातो. येथे तो वाद्याचा दिनक्रम आहे. युरोपातील व्हायोलिनचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. स्ट्राडिव्हारी यांच्या हातच्या बहुतेक सर्व व्हायोलिनींची मान आणि आतील दांडी एकोणिसाव्या शतकात मोठ्या सभागृहांसाठी बदलण्यात आली, आणि तरीही त्यांच्या किमतीस तोटा नाही.

दुसरी अडचण कायद्याची. जुन्या तंबोऱ्यांवर घोडी, मणी वा नक्षी हस्तिदंताची असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्या यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद केला, आणि ते योग्यच झाले. परिणाम असा की संग्राहकाच्या दृष्टीने जो भाग सर्वांत ‘ओरिजिनल’, तोच विकता येत नाही. आणि तुटला तर तसाच पुन्हा बसविताही येत नाही. गिटारीच्या बाजारास ही अडचण अगदीच अपरिचित नाही. ब्राझीलचे शिसव १९९२ साली आंतरराष्ट्रीय निर्बंधाखाली आल्यापासून त्या लाकडाची पट्टी असलेली जुनी गिटार सीमेपार नेणे कागदपत्रांवाचून शक्य होत नाही. तेथेही शेवटी कागदच लागतो, हे लक्षात घेण्यासारखे.

तथापि मावशींचे म्हणणे तरी सर्वस्वी मान्य करावे काय? तसेही वाटत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली आपल्याकडे जे चालते त्यात नाश थोडा आणि बेफिकिरी फार. घरोघरच्या तंबोऱ्यांवरील लाखेचे जुने पॉलिश खरवडून त्यावर चकचकीत लेप फवारतात. त्यात कारागिराचे नाव, पूर्वीच्या डागडुजीच्या खुणा, कोणा गायकाच्या हाताने दांडीवर पडलेली झीज, सारे एकदम जाते. वाजण्यासाठी यातील काहीच घालवणे अवश्य नसते. घोडी बदलल्यावाचून तंबोरा वाजत नाही. पॉलिश बदलल्यावाचून तो उत्तम वाजतो. भाच्याच्या तत्त्वातील सत्य इतकेच, आणि ते लहान नाही. जो बदल वाद्याच्या वापरासाठी आवश्यक आहे आणि जो केवळ नवेपणाच्या हौसेचा आहे, यांतील रेषा कारागीर ओळखतो, पण गिऱ्हाईकाने ‘सगळं नवीन करून द्या’ म्हटल्यावर तो बिचारा काय करणार?

तंबोरा अखेर दिवाळीनंतर मिरजेस गेला. जाण्यापूर्वी भाच्याने एक दिवस बसून सर्व अंगाची छायाचित्रे घेतली, दांडीची व तबलीची मापे उतरविली, आणि घोडीवर कोणत्या तारेचा चर किती खोल आहे हेही लिहिले. गिटारीच्या बाजाराने लावलेली ही सवय आम्हांस कोणत्याही विद्यार्थ्यात पाहावयास आवडेल. कारागिरांनी भोपळा पाहून तो बदलण्याचे कारण नाही असे सांगितले. आतून पट्टी देऊन तडा सांधला. घोडी मात्र नवी केली. पॉलिशला हात लावला नाही, यावर मावशी अजून नाराज आहेत, आणि दिवाणखान्यात कोणी आले की तंबोऱ्यावर शाल टाकतात. जुनी घोडी कापडात गुंडाळून गवसणीच्या खिशात ठेवली आहे. तिच्यासोबत भाच्याच्या अक्षरातील दोन कागद आहेत, वर तारीख, खाली मिरजेच्या कारागिरांची सही, आणि एका कोपऱ्यात मावशींनी पेन्सिलीने लिहिलेले : पंचमाची तार पूर्वीपेक्षा गोड.